डिस्क गेली की डिस्कची नोंद गेली? : संगणक जागा होण्याचा इतिहास



आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. आज किल्ला नाही, लढाई नाही, तहही नाही. आज इतिहास सांगायचा आहे तो माझ्या टेबलाखाली ठेवलेल्या संगणकाच्या डब्याचा. तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल. बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात त्याच्या आत काय घडतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. सिग्नल्समध्ये नोकरी करून, कर्नल म्हणून निवृत्त होऊनसुद्धा नव्हतं. एका रात्रीने ते शिकायला लावलं.

आधी ती रात्र सांगतो. आम्ही मूळचे बेळगावचे. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुभेदार होते. १९६२ ते १९७१ या काळात त्यांनी आईला लिहिलेली ३१२ पत्रं आमच्या घरी एका ट्रंकेत होती. निवृत्तीनंतर मी म्हैसूरला स्थायिक झालो. २०१८ साली नवा संगणक घेतला, त्यावर लिनक्स टाकलं आणि पहिलं काम कोणतं केलं असेल, तर ती सगळी पत्रं स्कॅन केली. मूळ पत्रं परत बेळगावला ट्रंकेत नेऊन ठेवली. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, बेळगाव जिल्ह्यात पूर आला. आमच्या घरात कमरेइतकं पाणी शिरलं. ट्रंक उघडली तेव्हा आत कागदाचा लगदा होता. म्हणजे त्या दिवसापासून वडिलांचं अक्षर या जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, माझ्या संगणकातल्या डिस्कवर. दुसरी प्रत होती, पण ती ज्या बाहेरच्या डिस्कवर होती ती बंद पडून दोन वर्षं झाली होती. 'करू पुढच्या आठवड्यात' म्हणत मी ते टाळलं होतं. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

२०२४ च्या जूनमध्ये एका रात्री म्हैसूरला विजांचा कडकडाट सुरू झाला. एरवी मी संगणकाचं मुख्य बटण कधी बंद करत नसे. त्या रात्री केलं, प्लगही काढून ठेवला. सकाळी चालू केला. लिनक्सचा नेहमीचा मेनू आला. मी एंटर दाबलं. बराच वेळ काही नाही, मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी उमटल्या. त्यांचा मराठीत अर्थ असा : मूळ फाइल सिस्टिमची वाट पाहिली, ती आली नाही, आता तुमचं तुम्ही बघा. खाली कंसात 'इनिटरामएफएस' हा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर.

घराजवळच्या एका दुकानात डबा घेऊन गेलो. तिथल्या मुलाने पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, डिस्कची यादी काढली. यादीत फक्त त्याचाच पेन ड्राइव्ह. तो म्हणाला, "डिस्क होय्तु सार." म्हणजे डिस्क गेली. नवी टाकू, जुनी इथेच देऊन टाका, थोडी सूट देतो.

मी डबा उचलून घरी आणला. दारातच सौ. उभी होती. तिने एवढंच विचारलं, "अहो, पत्रं?"

मी काही बोललो नाही. पण एक गोष्ट मला खटकत होती. लिनक्सचा तो मेनू कुठून आला? तो त्याच डिस्कवर असतो. जी डिस्क मेली आहे तिने मेनू कसा दाखवला?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी इतिहासात शिरलो. तो इतिहास आता तुम्हाला सांगतो, कारण उत्तर त्यातच होतं.

सुरुवात शब्दापासून. संगणक सुरू होणं याला 'बूट होणं' म्हणतात. हा बूट म्हणजे आपण पायात घालतो तोच. उंच बुटाच्या मागे कातड्याची किंवा कापडाची एक पट्टी असते, ती धरून बूट पायात ओढतात. तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. स्वतःच्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला जमिनीवरून उचलायचं, अशी एक अशक्य गोष्ट इंग्रजीत सांगतात. संगणकाची अडचण नेमकी तशीच आहे. डिस्कवरचा प्रोग्राम वाचायला एक प्रोग्राम लागतो. तो आहे डिस्कवर. मग पहिला प्रोग्राम कोण वाचणार?

सुरुवातीच्या काळात याचं उत्तर होतं : माणूस. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफरॅक हा संगणक बांधला गेला. १९६० मध्ये तो कामाला लागला, १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. त्याची स्मृती २०४८ शब्दांची होती. त्या पिढीतल्या संगणकांच्या भोवती प्रशिक्षित माणसांचा राबता असे. पुढे १९७० च्या दशकातल्या लहान यंत्रांवर तर समोर बटणांची रांगच असे. चालक एकेक बटण वर-खाली करून पहिल्या काही सूचना हाताने भरत असे. १९७५ मध्ये आलेला अल्टेअर ८८०० असाच होता. वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

या कंटाळवाण्या कामावर उपाय निघाला तो असा, की त्या पहिल्या सूचना कायमच्या एका चिपवर कोरून ठेवायच्या. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत अशी चिप होती. त्यातल्या प्रोग्रामला म्हणत बायॉस. तो फक्त ८ किलोबाइटचा होता. आज मोबाइलमधला एक साधा फोटो याच्या शेकडो पट मोठा असतो. हाच आपला फर्मवेअर. हार्डवेअरवर पक्का बसवलेला, तरीही सॉफ्टवेअरच.

इथे म्हैसूरकडे येतो, कारण त्याच सुमारास इथेही संगणक तयार होऊ लागले होते. १९७७-७८ मध्ये आयबीएम भारतातून निघून गेली आणि देशी कंपन्यांना जागा मिळाली. त्यातली एक विप्रो. या कंपनीचा जन्म आपल्या खानदेशात, अमळनेरला, १९४५ साली झाला. वनस्पती तूप बनवायचा कारखाना होता तो. १९६६ मध्ये वडील वारले म्हणून अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट सोडून २१ वर्षांचे अझीम प्रेमजी परत आले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या कंपनीने म्हैसूरला संगणकाचा कारखाना घातला. अमळनेरच्या तुपाचा पैसा म्हैसूरच्या संगणकात आला, असं मी इथल्या मित्रांना गमतीने सांगतो. पण गंमत बाजूला ठेवली तर मुद्दा असा, की संगणक 'जागा कसा करायचा' हा प्रश्न परदेशातच सुटत होता असं नाही. आपल्या मराठी-कानडी मुलुखातही तेव्हा माणसं यंत्राच्या त्या पहिल्या क्षणाशी झगडत होती.

आता आपल्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष : १९८४. मार्च १९८३ मध्ये आयबीएमने हार्ड डिस्क असलेला पीसी आणला होता. पुढच्या वर्षी एटी नावाचा संगणक आला. त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळ आणि त्याला जोडून ६४ बाइटची इवलीशी स्मृती होती. सीमॉस म्हणतात ती. ६४ बाइट म्हणजे साधारण ६४ इंग्रजी अक्षरं. त्यातली १४ घड्याळाला, उरलेली ५० यंत्राच्या नोंदींना. त्या नोंदींत डिस्कही होती, कारण तेव्हाचा फर्मवेअर डिस्क स्वतः ओळखत नसे. त्याच्याकडे डिस्कच्या प्रकारांची क्रमांकवार यादी असे. तुमची डिस्क कोणत्या क्रमांकाची, हे तुम्ही त्याला सांगायचं आणि तो बॅटरीच्या भरवशावर लक्षात ठेवायचा.

बॅटरी संपली तर? घड्याळ मागे जाई आणि डिस्कची नोंद पुसली जाई. संगणक म्हणे, डिस्क नाही. डिस्क तर डब्यातच, जशीच्या तशी. गेलेली असे ती फक्त नोंद. फौजेत याला आम्ही म्हणू, जवान हजर आहे, पण नॉमिनल रोलवर नाव नाही.

ज्यांनी त्या काळात संगणक वापरले त्यांना आठवत असेल, लोक डिस्कवर चिकटपट्टी लावून तिचे आकडे लिहून ठेवत. सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती. पुढे १९९० च्या दशकात फर्मवेअर डिस्कला स्वतः विचारायला शिकला, तू कोण आणि केवढी? तेव्हा ही कटकट कमी झाली. पण मोजायची जुनी पद्धत तशीच राहिली, आणि दर काही वर्षांनी डिस्क तिच्यापेक्षा मोठी होत गेली. आधी ५२८ मेगाबाइटची भिंत, मग ८.४ गिगाबाइटची, मग १३७ गिगाबाइटची. भिंतीपलीकडची डिस्क जुन्या फर्मवेअरला पूर्ण दिसतच नसे.

डिस्क दिसली तरी पुढचं काम सोपं नव्हतं. १९८३ पासूनची पद्धत अशी, की डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, ५१२ बाइटचा, फर्मवेअर उचलतो आणि त्याच्या हाती सूत्रं देतो. त्या ५१२ मध्ये ४४६ बाइट प्रोग्रामला, ६४ बाइट डिस्कच्या चार भागांच्या तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट सहीला. सही बरोबर नसेल तर पुढे काही नाही. म्हणजे पोस्टकार्डावर मावेल एवढ्या जागेत पुढच्या सगळ्या प्रवासाचा पत्ता. याच तक्त्याला २ टेराबाइटपलीकडचं मोजता येत नाही.

आता १९९१. पुण्यात सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकरांच्या चमूने परम ८००० उभा केला, ते हे वर्ष. त्याच वर्षी २५ ऑगस्टला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जगाला कळवलं. तीच लिनक्स. ती सुरू करायला पुढे लिलो नावाचा प्रोग्राम वापरात आला. लिलोची एक सवय मला फार आवडते. सुरू होताना तो आपल्या नावाची चार अक्षरं एकेक करून पडद्यावर लिही. एल म्हणजे पहिला टप्पा गाठला. आय म्हणजे दुसरा टप्पा सापडला. दोन अक्षरांवर अडला तर बिघाड कुठे हे जाणकार लगेच ओळखे. वायरलेसवर प्रत्येक चौकीवरून 'पोहोचलो' असा निरोप यावा तसं. निरोप थांबला तिथे शोध घ्यायचा.

पण लिलोला फाइल कुठे आहे ते फक्त डिस्कवरच्या जागेच्या आकड्याने माहीत असे. कर्नल बदलला आणि लिलोला पुन्हा सांगायचं राहिलं, की यंत्र अडलंच. १९९५ मध्ये एरिक बोलीन यांनी सुरू केलेला ग्रब त्यापेक्षा शहाणा निघाला. तो स्वतः फाइल सिस्टिम वाचतो, नावाने फाइल शोधतो. आज बहुतेक लिनक्स यंत्रांवर तोच आहे, आणि माझ्या पडद्यावर आलेला मेनू त्याचाच.

नावाचा आणखी एक घोळ होता. जुन्या लिनक्समध्ये डिस्कला ती कुठल्या वायरला जोडली आहे त्यावरून नाव मिळे : एचडीए, एचडीबी. २००७ च्या आसपास कर्नलमधली व्यवस्था बदलली आणि याच डिस्का एसडीए, एसडीबी झाल्या. रात्रीत नाव बदलल्यामुळे कित्येकांची यंत्रं दुसऱ्या दिवशी उठलीच नाहीत. तेव्हापासून यूयूआयडी, म्हणजे प्रत्येक फाइल सिस्टिमचा स्वतःचा लांबलचक क्रमांक वापरायची पद्धत रुळली. जवान कुठल्या बराकीत झोपतो यावरून त्याला ओळखायचं नाही, त्याच्या आर्मी नंबरवरून ओळखायचं. बराक बदलेल, नंबर बदलत नाही.

मग फर्मवेअरच बदलला. इंटेलने इटानियम यंत्रांसाठी ईएफआय तयार केला होता. २००५ मध्ये त्यासाठी उद्योगातल्या कंपन्यांची संघटना झाली आणि तो यूईएफआय झाला. आता पहिल्या ५१२ बाइटची कसरत संपली. डिस्कवर एक छोटा भाग राखून ठेवतात, त्यात फाइल म्हणून बूटलोडर असतो, आणि फर्मवेअर ती फाइल उघडतो. २०१२ मध्ये सिक्युअर बूट आलं. दारावरचा संत्री सहीशिक्क्याशिवाय कोणाला आत सोडेना. लिनक्सवाल्यांनी त्यासाठी सहीचा एक छोटा प्रोग्राम पुढे उभा केला, शिम नावाचा.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यात माझी पत्रं अडकली होती. नव्या वेगवान एनव्हीएमई डिस्क आल्या तेव्हा इंटेलच्या काही संचांत एक सोय दिली गेली. फर्मवेअरमध्ये साठवणुकीची सेटिंग 'रेड' अशी ठेवली की ही डिस्क स्वतंत्र दिसत नाही, ती दुसऱ्या कंट्रोलरच्या आड जाते. फर्मवेअरला ती दिसते, कारण त्याच्याकडे त्यासाठीचा ड्रायव्हर असतो. विंडोजलाही दिसते, इंटेलचा ड्रायव्हर टाकला की. लिनक्सला दिसत नाही. सेटिंग 'एएचसीआय' केली की तीच डिस्क लिनक्ससमोर उभी राहते. २०१६ मध्ये काही लॅपटॉपवर हा पर्यायच दिलेला नव्हता, तेव्हा लिनक्स वापरणाऱ्यांनी बराच आवाज उठवला होता.

आता माझ्या डब्याकडे परत या. २०१८ साली लिनक्स टाकताना मी ती सेटिंग 'रेड'वरून 'एएचसीआय' केली होती आणि विसरून गेलो होतो. सहा वर्षांत आतली नाण्याएवढी बॅटरी संपत आली होती. पण प्लग लावलेला असेल तर घड्याळाला भिंतीतल्या विजेवरही तग धरता येतो, म्हणून कळलं नाही. त्या रात्री मी प्लग काढला आणि नोंदी पुसल्या गेल्या. फर्मवेअरने कारखान्यातली मूळ सेटिंग उचलली : 'रेड'. सकाळी फर्मवेअरला डिस्क दिसली, त्याच्या डोळ्यांनी ग्रबला दिसली, ग्रबने कर्नल वाचून दिला. कर्नलने सूत्रं हाती घेऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तर समोर काहीच नाही. तो वाट पाहत थांबला.

मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. डिस्कची यादी दाखवणारी 'एलएसबीएलके' ही आज्ञा दिली. दुकानात आला तोच निकाल. मग 'डीएमईएसजी' आज्ञेने कर्नलची टिपणवही उघडली. शेकडो ओळी. आधी वर तारीख दिसली, ती कित्येक वर्षं मागची, १ जानेवारी. घड्याळ मागे गेलं होतं. आणि पुढे एक ओळ, जिचा अर्थ असा : आड ठेवलेलं एक एनव्हीएमई उपकरण सापडलं आहे, ते वापरायचं असेल तर बायॉसमध्ये रेडऐवजी एएचसीआय करा. कर्नलने सकाळपासून निदान लिहून ठेवलं होतं. आम्हीच वाचलं नव्हतं.

फर्मवेअरमध्ये गेलो, सेटिंग बदलली, एंटर दाबलं. यंत्र उठलं. सौ. ला हाक मारली. १९७१ च्या डिसेंबरातलं वडिलांचं एक पत्र उघडलं. त्यात त्यांनी लिहिलं आहे, की कंपनीतला एक पोऱ्या हजेरीला मिळाला नाही म्हणून घरी तार करायची तयारी झाली होती, आणि संध्याकाळी तो शेजारच्या कंपनीबरोबर जेवताना सापडला. हे पत्र मी पूर्वी कितीदा तरी वाचलं होतं. त्या दिवशी वाचताना गळा दाटून आला.

त्याच दुपारी सयाजीराव रोडवर गेलो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नावाचा हा रस्ता, दसऱ्याची मिरवणूक इथूनच जाते. एका घड्याळाच्या दुकानातून सीआर२०३२ बॅटरी घेतली. चाळीस रुपये. तेवढ्यासाठी ३१२ पत्रं सूट घेऊन देऊन टाकली असती.

तर मंडळी, या चाळीस वर्षांच्या इतिहासातून मी घेतलेला धडा सांगतो. संगणकाचं उठणं ही निरोपांची साखळी आहे : फर्मवेअर, बूटलोडर, कर्नल, इनिटरामएफएस, आणि मग तुमची सिस्टिम. प्रत्येकाला फक्त पुढचा कोण एवढंच ठाऊक, आणि कर्नल डिस्ककडे फर्मवेअरच्या नाही, स्वतःच्या डोळ्यांनी नव्याने बघतो. म्हणून 'डिस्क दिसत नाही' असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारा, कोणाला दिसत नाही? फर्मवेअरच्या यादीतही नसेल तर वायर, खाच, किंवा खरोखर डिस्क. फर्मवेअरला दिसते पण लिनक्सला नाही, तर सेटिंग किंवा ड्रायव्हर. मेनूच येत नाही तर बूटलोडर. मेनू येतो आणि पुढे अडतं, तर माझ्यासारखं. घड्याळ मागे गेलं असेल तर बॅटरीवर संशय घ्या. फर्मवेअरमध्ये काही बदलण्याआधी मोबाइलने फोटो काढा. त्याच यंत्रावर विंडोजही असेल किंवा खरोखरच दोन डिस्का रेडमध्ये जोडलेल्या असतील, तर ही सेटिंग जाणकाराला विचारल्याशिवाय हलवू नका. आणि कारण कळेपर्यंत डिस्कवर काहीही लिहू नका. फॉरमॅट तर मुळीच नको.

आणखी एक सांगून थांबतो. आपल्या देशात सी-डॅकने २००७ पासून बॉस लिनक्स दिलं, २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारलेली 'माया' ही सिस्टिम वापरात आणायचं ठरवलं. फौजी म्हणून मला याचा अभिमान आहे. पण सिस्टिमच्या खाली फर्मवेअर असतो, आणि यंत्र कोणाला काय दाखवायचं हे आधी तो ठरवतो. आपल्या मुलांनी तिथपर्यंत उतरावं, असं मला वाटतं.

पत्रांच्या आता तीन प्रती आहेत. एक म्हैसूरला, एक बेळगावला बहिणीकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये. तुमच्याकडे एकच प्रत असेल तर हा भाग संपवून आधी ते काम करा.

भेटूया पुढच्या भागात. जय हिंद.